पटावरून गळलेली माणसे

पहाटेची पहिली एस.टी. गाठायची म्हणजे चारला उठावे लागे. २००६ सालच्या उन्हाळ्यात महिन्यातून एकदा मी आणि माझी वहिनी गावाहून यवतमाळला आणि तिथून नागपूरला जात असू. यवतमाळ ते नागपूर हे अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. वहिनी खिडकीपाशी बसायची, पदर तोंडावर घ्यायची आणि कळंब मागे पडेपर्यंत एक शब्द बोलायची नाही. गावात कोणी विचारलेच, तर उत्तर ठरलेले होते, 'डोळ्याचा इलाज चालू आहे.' हे उत्तर मीच तिला शिकवले होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो मी. मुलांना खरे बोलावे म्हणून शिकवणारा आणि घरच्या माणसाला खोटे पाठ करून देणारा.

त्या खोट्याची शेपटी पुढे बरीच लांबली. ती एका सरकारी रजिस्टरापर्यंत गेली. ते कसे झाले आणि त्यावरून मला पुढे काय कळले, हे आज सांगावेसे वाटते. वहिनीची परवानगी घेतली आहे. ती म्हणाली, "नाव नका लिहू, गाव नका लिहू. बाकी सारं लिहा, भाऊजी."

माझा थोरला भाऊ ट्रकवर होता. नागपूर-हैदराबाद रस्ता त्याला हाताच्या रेषेसारखा पाठ. तेव्हा त्या रस्त्याला महामार्ग क्रमांक ७ म्हणत, आता ४४ म्हणतात. हिंगणघाट, वडकी, पांढरकवडा, पाटणबोरी आणि पुढे पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद. १९९७ च्या पावसाळ्यात तो घरी आला तो ताप घेऊनच. मग हगवण, मग तोंडात पांढरे चट्टे. सहा फुटी माणूस, पोत्यातले धान्य सांडावे तसा उतरत गेला. डॉक्टरांनी रोगाचे नाव तोंडाने उच्चारले नाही, चिठ्ठीवर लिहून माझ्या हातात दिले. १९९८ च्या पोळ्याच्या आदल्या दिवशी तो गेला.

पुढे वाचताना कळले, की तो गेला तेव्हा या रोगावर औषध निघालेले होते. तीन औषधे एकत्र दिली तर विषाणू दबतो, हे १९९६ मध्येच जगापुढे आले होते. फक्त त्याची किंमत वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर होती. आमच्या साऱ्या घराण्याची कोरडवाहू जमीन विकली असती, तरी सहा महिन्यांची सोय झाली नसती. २००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीने हीच तीन औषधे एका सेवाभावी संस्थेला वर्षाला ३५० डॉलरना, म्हणजे दिवसाला एक डॉलरपेक्षाही कमी किमतीत देऊ केली, तेव्हा साऱ्या जगातले भाव कोसळले. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने ही औषधे फुकट द्यायला सुरुवात केली. पहिल्या आठ केंद्रांत मुंबईचे जे.जे. रुग्णालय होते. भावाच्या दृष्टीने सहा वर्षे उशीर. वहिनीच्या दृष्टीने मात्र अगदी वेळेवर.

वहिनीची तपासणी २००६ मध्ये झाली. शरीराची राखण करणाऱ्या ज्या पेशी असतात, त्यांतल्या सीडी-४ नावाच्या पेशींची मोजणी करतात. निरोगी माणसात त्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये साधारण पाचशेच्या वर असतात. त्या काळी हा आकडा दोनशेच्या खाली गेला, तरच गोळ्या मिळत. वहिनीचा आकडा निघाला ११२. मुलीची तपासणी केली, ती निर्दोष निघाली. त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर बसून वहिनी रडली. भाऊ गेल्यानंतर ती रडलेली मी तेव्हाच प्रथम पाहिली.

गोळ्या सुरू झाल्या आणि चार-सहा महिन्यांत तिच्या अंगावर मांस चढले. वर्षभरात ती पुन्हा वेचणीला जाऊ लागली. पुढे यवतमाळलाच औषध मिळू लागले, नागपूरची वारी सुटली. आता सारे सुरळीत झाले, असे आम्ही धरून चाललो.

आणि मग २००८ चा हिवाळा आला. त्या काळच्या गोळ्यांत स्टॅव्ह्युडिन नावाचे एक औषध असे. स्वस्त आणि जीव वाचवणारे. पण दीर्घकाळ घेतले की कित्येकांच्या हातापायांच्या नसा दुखावत आणि चेहऱ्यावरची, हातापायांवरची चरबी झिजत जाई. वहिनीचे गाल बसले. ज्या खुणेवरून लोक रोगी ओळखत, ती खूण आता औषधच देऊ लागले होते. वहिनी म्हणायची, "भाऊजी, तळपाय असे जळतेत का सांगता येत नाही. कापूस वेचाले उभं रायता येत नाही. गोळ्या खाऊ, का घरात पोटाले कमवू?" ऐन वेचणीत एका दिवसाची मजुरी बुडवून यवतमाळला जायचे तिच्या जिवावर येई. एक महिना गेला, दुसरा गेला, तिसराही गेला.

मला हे ठाऊक नव्हते असे नाही. पण माझ्या मुलीच्या लग्नाची बोलणी त्याच वेळी चालू होती. घरात असा रोग आहे हे पाहुण्यांच्या कानावर गेले असते, तर सोयरीक मोडली असती, ही भीती मनात घर करून बसली होती. वहिनी गोळ्या आणायला जात नाही, म्हणजे निदान कोणी तिला त्या खिडकीपाशी पाहत तरी नाही, असा एक हीन विचार माझ्या मनात येऊन गेला. आज लिहिताना हात अडखळतो, पण तो आला होता हे खरे.

एका रविवारी पाहुणे ओसरीवर बसले होते. चहा चालला होता. दारात एक पोरगेलासा माणूस सायकल धरून उभा राहिला. त्याने रोगाचे नाव घेतले नाही, दवाखान्याचे नाव घेतले नाही. फक्त वहिनीचे नाव घेऊन हळूच विचारले, "या बाई इथेच राहतात का?" मी उठून अंगणात गेलो आणि म्हणालो, "या नावाचं इथे कोणी राहत नाही." त्याने माझ्याकडे एकवार पाहिले, वहीत काही टिपले आणि तो निघून गेला. वहिनी तेव्हा मागच्या दारी भांडी घासत होती.

फेब्रुवारीत तिला खोकला लागला, मार्चमध्ये रक्त पडले. क्षयाने गाठले होते. मी तिला घेऊन केंद्रावर गेलो, तेव्हा तिथल्या समुपदेशक ताईंनी रजिस्टर काढले. रुग्णाचे पुढे काय झाले हे लिहायला त्यात एक रकाना असतो: उपचार चालू, मृत्यू, दुसऱ्या केंद्रात बदली, किंवा 'हरवला'. तेव्हाच्या नियमाने तीन महिने माणूस फिरकला नाही, की त्याची नोंद हरवलेल्यांत होई. वहिनीच्या नावापुढे तीच नोंद होती आणि शेवटी लिहिले होते, 'पत्ता सापडला नाही.' ताई मला काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

क्षयाचे औषध सहा महिने चालले. त्यातल्या एका औषधाशी आधीची एक गोळी जुळत नव्हती, म्हणून ती बदलावी लागली. वहिनी वाचली. पण 'पत्ता सापडला नाही' हे तीन शब्द माझ्या डोक्यातून गेले नाहीत. ते माझे शब्द होते, दुसऱ्याच्या अक्षरात लिहिलेले.

निवृत्तीनंतर हाती वेळ होता. जिथे मिळेल तिथून मी या विषयावर वाचू लागलो. आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी इंग्रजी लेखांतले अवघड भाग समजावून दिले. त्यातून जे कळले, ते एखाद्या मास्तराला चटकन पटावे असेच होते.

समजा, शाळेच्या पटावर शंभर मुले आहेत. परीक्षेला सत्तर बसली आणि त्रेसष्ट उत्तीर्ण झाली. हेडमास्तर फळ्यावर लिहितात, निकाल नव्वद टक्के. पण जी तीस मुले वर्षाच्या मध्येच गळाली, त्यांचे काय? ती हिशेबातच नाहीत. हुशार मुले गळत नाहीत. गळतात ती गरिबाची, अर्धपोटी, गुरे राखणारी. म्हणजे ज्यांचा निकाल वाईट लागला असता, तीच नेमकी पटाबाहेर जातात आणि शाळेचा निकाल उजळून निघतो.

औषधोपचाराचे तसेच आहे. समजा, शंभर जणांनी गोळ्या सुरू केल्या. काही काळाने सत्तर नियमित येत आहेत, दहा जणांचा मृत्यू नोंदलेला आहे आणि वीस जणांचा पत्ता नाही. कागदावर मृत्यू दहाच दिसतात. पण त्या वीस जणांच्या घरी कोणी जाऊन आले, तर काय आढळते? गरीब देशांतल्या अशा सतरा अभ्यासांचा एकत्रित आढावा २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. शोध घेतल्यावर ज्यांचा ठावठिकाणा लागला, त्या हरवलेल्यांपैकी सरासरी चाळीस टक्के मरण पावलेले होते. हे प्रमाण आपल्या हिशेबाला लावले, तर वीसपैकी आठ. म्हणजे मृत्यू दहा नव्हेत, अठरा. जवळजवळ दुप्पट.

आता तो सायकलवाला पोरगा माझ्या अंगणात कशासाठी आला होता, हे ध्यानात येईल. तो वहिनीला परत न्यायला आला होता, हे तर खरेच. पण ती सापडली नसती आणि तिच्या मृत्यूची खबर जरी त्याला मिळाली असती, तरी त्या खबरीचा उपयोग झाला असता. माणसे कुठे आणि का गळतात, हे कळल्याशिवाय गळती थांबत नाही. मी त्याला खोटे सांगून एका बाईची वाट अडवली आणि शिवाय हिशेबही खोटा केला.

हरवलेले सारेच मेलेले असतात असेही नाही. आपल्या जिल्ह्यातून कामासाठी माणसे पैनगंगेपलीकडे जातात, चंद्रपूरकडे जातात, पुण्या-मुंबईला जातात. कोणी न सांगता तिकडच्याच केंद्रात नाव घालतो. इकडे तो हरवलेला, तिकडे नवा. एकाच माणसाची दोन खोटी रूपे. म्हणूनच एका केंद्राचे, एका जिल्ह्याचे रजिस्टर कितीही नेटके असले तरी पुरत नाही. अनेक ठिकाणच्या नोंदी एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्या लागतात.

आशिया खंडात हे काम २००१ मध्ये सुरू झालेल्या 'ट्रीट एशिया' या जाळ्याने हाती घेतले. २००३ पासून निरनिराळ्या देशांतल्या दवाखान्यांनी आपापल्या रुग्णांच्या नोंदी एका ठराविक नमुन्यात भरून एकत्र करायला आरंभ केला. त्या दवाखान्यांत आपल्याकडची चेन्नई आणि पुण्याची केंद्रे आहेत. नोंदीत नाव नसते, पत्ता नसतो, फक्त एक सांकेतिक क्रमांक. औषध कोणते, कधी सुरू केले, कधी बदलले, सीडी-४ किती, माणूस येतो की नाही, एवढेच. ही माहिती वर्षातून दोनदा सिडनीच्या विद्यापीठातील संस्थेकडे जाते आणि तिथे तिची छाननी होते. २००६ पासून असे जाळे जगाच्या सात विभागांत विणले गेले आहे. त्यात वीस लाखांहून अधिक माणसांच्या नोंदी जमल्या आहेत.

यातून निष्पन्न काय झाले, असे कोणी विचारील. तीन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट पैशाची. २००६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक तुलना छापून आली. आफ्रिका, आशिया, दक्षिण अमेरिकेतले अठरा उपचार कार्यक्रम एका बाजूला आणि युरोप-उत्तर अमेरिकेतले बारा रुग्णसमूह दुसऱ्या बाजूला. गरीब देशांतली माणसे उपचाराला फार उशिरा पोहोचत होती. त्यांचा मधला सीडी-४ आकडा होता १०८, श्रीमंतांकडचा २३४. आमच्या वहिनीचा ११२ आठवा. पहिल्या काही महिन्यांत गरिबांकडे मृत्यू कितीतरी जास्त होते, पण जे तगले त्यांच्यात पुढे हे अंतर कमी कमी होत गेले. म्हणजे औषध आपल्या माणसांनाही तितकेच लागू पडत होते. आणखी एक गोष्ट दिसली: जिथे औषध फुकट होते, तिथे मृत्यूचे प्रमाण विकतच्या ठिकाणांपेक्षा बरेच कमी, साधारण चौथ्या हिश्शावर. 'फुकटच्या वस्तूची किंमत नसते' असे आपण सहज बोलून जातो. या बाबतीत तरी ते खरे नाही.

दुसरी गोष्ट वहिनीच्या गालांची. पश्चिम भारतातल्या रुग्णांत या गोळ्यांमुळे चरबी कशी झिजते, याचा अभ्यास पुण्याच्या डॉ. संजय पुजारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केला. देशोदेशींच्या अशाच नोंदी साठत गेल्या आणि २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्टॅव्ह्युडिन हळूहळू बंद करावे, असा सल्ला दिला. वहिनीचे ते औषध बदलले, तेव्हा तिला वाटले डॉक्टरांना तिची दया आली. दया असेलही. पण तिच्यासारख्या हजारो बायाबापड्यांनी 'तळपाय जळतेत' म्हणून सांगितले आणि कोणीतरी ते लिहून ठेवले, त्याचा तो परिणाम होता.

तिसरी गोष्ट संसाराची. जोडप्यातल्या एकाला लागण आहे आणि दुसऱ्याला नाही, अशा १७६३ जोडप्यांचा अभ्यास नऊ देशांत झाला. पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था आणि चेन्नईतले एक केंद्र त्यात सहभागी होते. निम्म्यांना औषध ताबडतोब सुरू केले, निम्म्यांना तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे सीडी-४ खाली येईपर्यंत थांबवले. २०११ मध्ये निकाल जाहीर झाला. जोडीदाराकडून जोडीदाराला लागण झाल्याची २८ उदाहरणे सिद्ध झाली. त्यांतली २७ उशिरा औषध मिळालेल्यांची होती, लवकर मिळालेल्यांत केवळ एक. औषध रोग्याला वाचवते आणि त्याच्या माणसालाही वाचवते, हे त्यातून ठरले. आज डॉक्टर सांगतात, की गोळ्या नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून लागण होत नाही.

या साऱ्या पुराव्यांचा परिपाक म्हणून २०१७ मध्ये आपल्या देशात सीडी-४ ची अट गेली. लागण आढळली की उपचार सुरू. त्याच वर्षी या रुग्णांच्या हक्कांचा कायदा संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो अमलात आला. नोकरीत, शाळेत, दवाखान्यात भेदभाव करायला आता कायद्याने बंदी आहे. रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करायलाही बंदी आहे.

कायदा झाला म्हणून ओसरीवरची भीती गेली, असे मात्र समजू नये. आजही आमच्या भागात माणसे आपल्या तालुक्याचे केंद्र सोडून लांबच्या गावी गोळ्या आणायला जातात, कारण जवळच्या रांगेत ओळखीचे भेटतात. आजही मोबाइलचा खोटा नंबर दिला जातो. ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांना मला एवढेच सांगायचे आहे: तुमच्या अंगणात कोणी हळू आवाजात नाव विचारायला आला, तर त्याला बाजूला घ्या, पाहुण्यांपासून दूर न्या, हवे तर दुसऱ्या दिवशी बोलवा. पण 'इथे कोणी राहत नाही' असे म्हणू नका.

माझ्या मुलीचे लग्न त्याच घरात झाले. पुढे तीन-चार वर्षांनी जावयांना सारे कळले. मी मान खाली घालून बसलो होतो. ते म्हणाले, "मामा, तेव्हाच सांगितलं असतं तर काकूंना गाडीवर मीच नेलं असतं." तेव्हा खरोखरच नेले असते की नाही, कोण जाणे. पण आता नेतात.

वहिनी आता साठी ओलांडून गेली आहे. रोज रात्री जेवण झाले की एकच गोळी. व्हायरल लोडच्या कागदावर विषाणू सापडत नाही असा शेरा येतो, तो कागद ती देव्हाऱ्यातल्या डब्यात ठेवते. गाल पूर्वीसारखे भरले नाहीत, तळपाय थंडीत अजून जळतात. नातवाला शाळेत सोडायला तीच जाते.

गेल्या महिन्यात मी तिच्यासोबत केंद्रावर गेलो होतो. टेबलामागच्या ताईंनी माहिती ताजी करायची म्हणून एक कागद पुढे केला. वहिनी म्हणाली, "भाऊजी, तुमचं अक्षर चांगलं हाय, तुमीच भरा." मी नाव लिहिले, वय लिहिले. पत्त्याच्या रकान्यात माझ्या घराचा पूर्ण पत्ता लिहिला, खाली माझा मोबाइल नंबर. 'संपर्काची व्यक्ती' असा एक रकाना होता. तिथे माझे नाव लिहिले, समोर नाते लिहिले आणि सही केली.